'हेगमध्ये जिंकलो' एवढंच?

परदेशी तुरुंगांत अडकलेल्या भारतीयांवरच्या या लेखात पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांचं प्रकरण 'हेगमध्ये आपण जिंकलो' एवढ्या एका वाक्यात उरकलंय, ते मनाला लागलं. १७ जुलै २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा (अटकेतल्या परदेशी माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीची मदत मिळू देण्याचा करार) भंग केल्याचं म्हटलं, फाशी रोखून धरली, हे खरंच मोठं होतं. पण सुटकेची मागणी मान्य झाली नव्हती, फक्त शिक्षेचा फेरविचार करा असं सांगितलं.

मला २५ डिसेंबर २०१७ ची इस्लामाबादमधली जाधवांची आई-बायकोशी झालेली भेट विसरता येत नाही. मधे काच, बोलायला इंटरकॉम. आत जाण्याआधी आईला नि बायकोला मंगळसूत्र, बांगड्या, टिकली उतरवायला लावली. आईचं मोकळं कपाळ बघून जाधवांनी आधी काय विचारलं, तर बाबा कसे आहेत! तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत हे सांगितलं तेव्हा घशाशी आवंढा आला होता. वर आईला मराठीत बोलूही देईनात. पोटच्या पोराशी ती माउली दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार होती?

आणि मासेमारी करताना पाकिस्तानच्या तुरुंगात गेलेले पालघर-डहाणूकडचे खलाशी? दर १ जानेवारी आणि १ जुलैला भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात-घेतात. त्यावरही लिहा ना कृपया.