'वॉरंट नाही? मग दार बंद' म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

'जागरूक नागरिक बना' असं डोक्यावर लिहिलेला एक मेसेज सध्या फिरतोय. ताईने तो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा मी काणाडोळा केला होता. पण भाचा पुण्यात मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहतो. त्याने या मेसेजची प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि दाराला आतून चिकटवली. वर मला फोटो पाठवून विचारतो, "मामा, तुम्ही वकील आहात, बरोबर आहे ना हे?" नाही रे बाबा. यातला निम्मा माल अमेरिकेतून आलाय आणि उरलेल्यातला एक सल्ला तुला थेट कोठडीत नेणारा आहे.

मेसेजचं म्हणणं असं. संविधानाने हक्क दिलाय, त्यामुळे वॉरंटशिवाय पोलिसांना घराची झडती घेताच येत नाही. घेतली तर सापडलेला पुरावा कोर्टात बाद होतो आणि केस तिथेच संपते. म्हणून दार उघडू नका. घुसलेच तर ढकलून बाहेर काढा, तो स्वसंरक्षणाचा हक्क आहे. सूर्यास्तानंतर पोलीस घरात पाऊल ठेवू शकत नाहीत. फोनला तर हातही लावू शकत नाहीत. आणि शेवटी: 'बाबासाहेबांनी लिहून दिलेला हक्क आहे, वापरा.'

बाबासाहेबांचं नाव घेतलंय, तर तिथूनच सुरू करू. त्यांनी हे लिहिलं होतं, हे खरंच. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी तयार केलेल्या निवेदनात अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण हा मूलभूत हक्क म्हणून होता, जवळजवळ अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीच्याच शब्दांत. पण तो संविधानात आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत तशी दुरुस्ती पुन्हा मांडली. बाबासाहेब ती स्वीकारायला तयार होते. फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद आहेच, पण ती कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवलेली बरी, असं त्यांचं म्हणणं होतं. मतदानावरून सभागृहात गोंधळ झाला आणि शेवटी दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणजे ज्यांच्या नावाने मेसेज फिरतोय त्यांना हा हक्क हवा होता. सभेने तो दिला नाही. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसावं.

याचे परिणाम लगेच दिसले. दालमिया समूहाच्या कंपनीच्या प्रकरणात एकाच वेळी ३४ ठिकाणी झडत्या झाल्या होत्या. ते प्रकरण, एम. पी. शर्मा खटला, १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींपुढे आलं. न्यायालयाने सांगितलं की संविधानकर्त्यांनी अमेरिकेसारखा हक्क घातलेला नाही, तेव्हा ओढूनताणून अर्थ लावून तो आम्ही आत आणणार नाही. आता कोणीतरी म्हणेल, २०१७ चा पुट्टस्वामी निकाल विसरलात का? नाही विसरलो. नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि शर्मा निकालातलं त्याविरुद्धचं विधान रद्द केलं. ती मोठीच गोष्ट आहे. पण त्याने वॉरंटशिवायची प्रत्येक झडती बेकायदा ठरली नाही. कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणशीरपणा, या कसोट्या आल्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८५ (जुनं १६५) तपास अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडतीचा अधिकार आजही देतं. फक्त वस्तू दुसऱ्या मार्गाने वेळेत मिळणार नाही असं मानायला सबळ कारण हवं आणि ते कारण त्याने आधी लिहून काढायला हवं.

'पुरावा बाद, केस खलास' हे वाक्यही अमेरिकेतलंच. तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या 'मॅप वि. ओहायो' निकालाने तसा नियम राज्यांनाही लागू केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींचा पूरनमल निकाल आहे, १९७३ चा, आयकर छाप्यांवरचा. झडती बेकायदा असली तरी पुरावा प्रकरणाशी संबंधित असेल आणि कायद्यात स्पष्ट मनाई नसेल, तर तो केवळ तेवढ्यासाठी बाजूला टाकता येत नाही, असं तो सांगतो. या एका निकालावर आजवर कितीतरी बचाव आपटलेत. अपवाद आहेत. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ५० खाली अंगझडती घेताना राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क सांगावा लागतो; तो न सांगता अंगावर सापडलेल्या मालावरच शिक्षा उभी असेल तर ती टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१९ साली लाचेच्या एका प्रकरणात बेकायदा टॅप केलेली संभाषणं नष्ट करायला सांगितली होती. पण अपवादाच्या भरवशावर दारात उभं राहायचं नसतं.

आणि दारच तर सगळ्यात घातक आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ नुसार बंद जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने आत येऊ देणं बंधनकारक आहे. नाही दिलं तर आपला अधिकार आणि हेतू सांगून, मागणी करून पोलीस दार तोडू शकतात. ढकलाढकली केलीस तर जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ (लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर) लागतं. सगळ्यांच्या तोंडी असलेलं '३५३' ते हेच, दोन वर्षांपर्यंत कैद. आणि स्वसंरक्षण? त्याच संहितेचं कलम ३७ वाच. पदाच्या नात्याने सद्भावनेने काम करणाऱ्या लोकसेवकाची कृती कायद्यात काटेकोरपणे बसत नसली, तरी मृत्यू किंवा जबर दुखापतीची भीती नसेल तर स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. म्हणजे मूळ प्रकरणात काही निघालं नाही तरी हे दुसरं मागे लागतं. कोर्टात मी अशी पोरं पाहिलीत. झडतीत काही सापडलं नव्हतं, तारखा मात्र सरकारी कामात अडथळा आणल्याच्या.

सूर्यास्ताची गोष्ट ऐकीव खिचडी आहे. महिलेला रात्री अटक करण्यावर बंधन आहे, अमली पदार्थांच्या कायद्यात रात्रीच्या झडतीला जादा अटी आहेत. घराला सरसकट रात्रीची बंदी नाही.

फोनच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. तपासात फोन जप्त होऊ शकतो, त्यामुळे 'हातही लावू शकत नाहीत' हे चूकच. पण नाकाबंदीत गाडी थांबवून चॅट चाळायला सांगणं, ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबाद पोलिसांचे तसे व्हिडिओ गाजले होते, त्याला कुठल्या कलमाचा आधार आहे हे विचारलंच पाहिजे. पासवर्डबाबत न्यायालयांत एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असं म्हटलं, तर २०२२ मध्ये दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने सक्ती करता येणार नाही असं सांगितलं.

तर दारावरचा तो कागद काढ. उघड आणि आत येऊ दे. त्यांची नावं, ठाणं, कुठल्या गुन्ह्यात आलेत ते विचार. दोन पंच परिसरातले आणि स्वतंत्र आहेत का बघ. त्यांनी बरोबर आणलेला ओळखीचा चेहरा नको. झडतीचं मोबाइलवर चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार त्यांनाच करायचंय, ते चालू आहे ना ते पाहा. झडती होताना तुला हजर राहता येतं. पंचनाम्यात 'कपाटातून' लिहिलंय की 'आरोपीच्या कपाटातून', हे सही करण्याआधी वाच, कारण तुमचं कपाट चौघांचं आहे. जप्तीच्या यादीची प्रत तिथेच माग. झडती कलम १८५ खालची असेल तर त्या नोंदी ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे जायला हव्यात, आणि तुम्ही अर्ज केला की त्यांची प्रत फुकट मिळते. अर्ज मी लिहून देईन.