लिंक तुटली? जोडू नका, झाका!

परवा रात्री दुसऱ्याने लिहिलेला एक जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) प्रोजेक्ट माझ्या गळ्यात पडला. त्यातून मिळालेली विद्या एकट्याने पचवणं बरं नव्हे, म्हणून तुम्हालाही देतो.

पहिली गोष्ट, एरर वाचायची नाही. 'नो रिव्हर्स मॅच' (म्हणजे दिलेल्या नावावरून लिंकचा पत्ता बनला नाही) दिसलं की टॅब बंद, सर्व्हर रीस्टार्ट. तीनदा.

लिंकचा पाथ, म्हणजे पत्ता, जँगोकडून बनवून न घेता हातानेच टाइप करा. उद्या साइट सबफोल्डरमध्ये हलवायची वेळ आली, तर तोवर तुम्ही नोकरी बदललेली असेल.

यूआरएलच्या फाइलमध्ये 'अ‍ॅप नेम' लिहा (मग पाथच्या नावाआधी ते आडनावासारखं लावावं लागतं, तीच नेमस्पेस) आणि टेम्प्लेटात, म्हणजे पानाच्या साच्यात, नुसतं 'डिटेल' ठेवा. नेमस्पेस मनाने ओळखायला जँगोला काय धाड भरलीये?

आणि आता रामबाण. टेम्प्लेटात नावावरून पाथ बनवणाऱ्या यूआरएल टॅगच्या शेपटाला 'अ‍ॅज लिंक' जोडा. एरर गायब! नावावरून पाथ सापडला नाही तरी जँगो हूं की चूं करत नाही, व्हेरिएबल गुपचूप रिकामं ठेवतो. एचरेफ (एचटीएमएलमध्ये लिंकचा पत्ता लिहायची जागा) रिकामा म्हणजे क्लिक केलं की तेच पान पुन्हा लोड. माणूस क्लिक करतो, पान लुकलुकतं, तो पुन्हा करतो. बातम्यांच्या यादीतल्या सात लिंका अशा होत्या. क्लायंटने विचारलं, "नेट स्लो आहे का?" मीही शहाणा, दोन तास कॅशे उपसत बसलो. शेवटी व्ह्यू सोर्स उघडला. एचरेफ, बरोबरचं चिन्ह, दोन अवतरणचिन्हं. मध्ये शून्य. सातही मथळे देवनागरीत आणि स्लगिफाय (मथळ्यातून पाथमध्ये टाकायचा तुकडा, म्हणजे स्लग, बनवणारं जँगोचं फंक्शन) मुळात फक्त अ‍ॅस्की, म्हणजे साधी इंग्रजी, अक्षरं ठेवतं. अख्खा मथळा गिळून रिकामी स्ट्रिंग. ('अलाउ युनिकोड' चालू केलं तर काना-मात्रा-वेलांटी उडवतं, तो वेगळाच ताप.)

अरे हा प्रोजेक्ट लिहिणाऱ्या बाबा, त्या एररमध्ये काय नव्हतं? पाथचं नाव होतं, कुठला पॅटर्न ताडून पाहिला तो होता, आर्ग्युमेंटच्या (पाथ बनवायला दिलेल्या स्लगच्या) कंसात रिकामी अवतरणं होती. म्हणजे नाव बरोबर आहे, स्लग रिकामा आहे! नाव चुकलं असतं तर असा पॅटर्नच नाही, असं वेगळं सांगितलं असतं. सेव्ह करताना स्लग रिकामा आला तर आयडी वापर, इतकंच करायचं होतं. तुला ती एरर दिसली होती, म्हणून तर तू 'अ‍ॅज' टाकलास. ओरडून सांगणाऱ्याच्याच तोंडात बोळा कोंबलास. आणि वर कमिट मेसेज (कोडमधल्या बदलाची नोंद) काय, तर 'लिंक फिक्स्ड'!