ॲप शिकवता, शिकवायला कधी शिकवणार?

आम्हा स्वयंसेवकांना प्रौढ साक्षरतेचं प्रशिक्षण म्हणून तालुक्याला बोलावतात आणि अख्खा दिवस ॲप भरायला शिकवतात. डोकं फिरतं खरंच! नोंदणी कशी करायची, फोटो कुठे टाकायचा, कोणत्या शिकणाऱ्याला कोणत्या स्वयंसेवकाशी जोडायचं. पन्नाशीच्या बाईला पहिलं अक्षर कसं शिकवायचं, यावर एक शब्द नाही.

केंद्र सरकारचा हा उल्लास साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ चा, पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी. शिकवणारे स्वयंसेवक, म्हणजे मानधन नाही. आधीच्या साक्षर भारत योजनेत प्रेरकाला, म्हणजे गावातलं साक्षरता केंद्र चालवणाऱ्याला, महिन्याला २००० रुपये तरी ठरलेले होते. पैशाचं सोडा, आम्ही फुकट शिकवतो. पण आम्हाला शिकवायला तर शिकवा! राज्य, जिल्हा, तालुका असं करत प्रशिक्षण आमच्यापर्यंत येईस्तोवर नुसता पीपीटी उरतो. साहेब पडद्यावरचं वाचतात, आम्ही सह्या करतो, बॅनरपुढे फोटो, चला घरी.

आमच्या धुळे जिल्ह्यात वर्ग भरतो रात्री, भांडीकुंडी उरकल्यावर. वेचणीच्या दिवसांत बायकांच्या बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे असतात, पेन्सिल धरवत नाही. पुस्तक उघडलं की एक आजी म्हणते, "ताई, इतलं बारीक माले दिसत नही." अर्ध्या वर्गाला चाळिशी लागलेली, चष्मा एकीलाही नाही. बाईला अक्षर येत नाही की दिसतच नाही, हे ओळखायचं कसं? कोणी सांगितलं आम्हाला? त्यात पुस्तक प्रमाण मराठीत आणि घरात अहिराणी. शेजारच्या नंदुरबारात धडगाव-अक्कलकुव्याकडे तर पावरी, भिली. तिथल्या स्वयंसेवकाने काय करायचं?

आणि याच बायकांचा हिशोब असा पक्का की बास! किलोमागे भाव काय, आज वेचला किती, मालकाच्या आधी रक्कम सांगतात. त्या तोंडी हिशोबावरून कागदावरच्या अंकांकडे कसं न्यायचं, एवढं तासभर करून दाखवलं असतं तरी भागलं असतं. मागच्या खेपेला आमच्याकडून काय करून घेतलं, तर बडबडगीत! नातवंडं असलेल्या बाईपुढे टाळ्या वाजवत बडबडगीत म्हणायचं? अपमान आहे तो तिचा. दुसऱ्या दिवशी ती येत नाही, मग वरून फोन, उपस्थिती का घटली?

शिकणाऱ्यांची परीक्षा १५० गुणांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. निकाल चांगला लागला पाहिजे, हे मात्र दर बैठकीत बजावतात.

पुढच्या वेळी तो पडदा गुंडाळून ठेवा. शेतातून आलेल्या पाच बायका समोर बसवा आणि आमच्यादेखत शिकवून दाखवा. ते जमत नसेल तर ॲपची माहिती व्हॉट्सॲपवर टाका, आमचा रोज बुडवू नका.