सोड त्याला, बये!

सुडाची प्रेमकथा बघायला बसलात की पहिल्या दहा मिनिटांत खुनी जाहीर करून टाका. नंतर भलताच कोणी निघाला तर ‘लेखकानं माती खाल्ली’ म्हणायचं. आपला अंदाज चुकत नसतो, कथा चुकते.

नायकाशी मात्र उदारपणे वागा. तो नायिकेचा फोन चोरून वाचतो, तिच्या खिडकीखाली रात्रभर गाडी लावून बसतो, तिच्या बापाचा धंदा बुडवतो. करू द्या. पुढे कधीतरी तिच्या मनगटावरचा जुना व्रण दिसल्यावर त्याची डावी पापणी किंचित लवते ना, तेवढ्यावर मागचं सगळं माफ. हेच उद्योग टक्कल पडलेल्या काकानं केले तर त्याला फाशी. (रेखीव जबडा हा निर्दोषपणाचा सबळ पुरावा असतो.)

‘गॅसलायटिंग’ हा शब्द हाताशी असू द्या. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८च्या नाटकात नवरा बायकोला पद्धतशीरपणे वेडी ठरवत जातो, तिथून तो आला. आपण तो नायिकेच्या मैत्रिणीनं ‘अगं, तुला भास झाला असेल’ म्हटल्यावर वापरायचा. नायक खोटं प्रेत, खोटी चिठ्ठी आणि खोटा डॉक्टर उभा करतो, तेव्हा नाही. तेव्हा ‘किती जीव लावतो बाई हा!’

आता रहस्याचं. रहस्यपटांचा बादशहा हिचकॉक, त्यानं १९६२मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला समजावलं होतं: टेबलाखालचा बॉम्ब अवचित फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, तो तिथं आहे हे आधीच ठाऊक असेल तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. तुम्ही दीडपट वेगानं बघा. दहा मिनिटांत उरकतं. वाचलेल्या पाच मिनिटांत ‘फारच रटाळ’ असं चार जणांना कळवता येतं.

शेवटच्या भागात ती त्याला खरोखरच सोडून जाते. इथं भडकायलाच हवं. आधीचे अकरा भाग ‘सोड त्याला, बये!’ म्हणून आपणच घसा फोडला होता, हे काढायचं नाही. जमायला हवं होतं दोघांचं, संपलं.

मग रात्री पावणेदोनला, घरचे झोपल्यावर, आवाज बंद करून ती पापणी पुन्हा बघायची. सातवा भाग, एकतिसावं मिनिट. मला कसं माहीत ते विचारू नका.