गन सावलीत, पोरगं उन्हात

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल. ज्यांना क्रिकेटचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

सकाळी भाच्याला घेऊन एका अकादमीच्या ट्रायलला गेले होते. वेगवान गोलंदाज हवे होते त्यांना. नाव घेत नाही, आणि बडोदेकरांनी उगाच अंदाजही बांधू नयेत. फॉर्मवरच छापलेलं, किमान वेग ताशी १२५ किमी. आमचं पोरगं डावखुरं. जीव तोडून टाकत होतं. एक चेंडू तर उजव्या फलंदाजाच्या पॅडवर असा आत येऊन आदळला की नेटमागे उभ्या असलेल्या पोरांनीच अपील केलं. टेबलावरच्या गृहस्थांनी मान वर न करता कागदावर लिहिलं, ११८. आणि पुढच्याला हाक मारली. संपलं.

आता ती स्पीड गन कुठे होती ते ऐका. गोलंदाजाच्या पाठीमागे? नाही. फलंदाजाच्या मागे? तेही नाही. नेटच्या बाजूला, कडुनिंबाच्या सावलीत, खुर्चीवर बसलेल्या एका माणसाच्या हातात. एका हातात गन, दुसऱ्या हातात चहा.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते, त्यामुळे हे बघून माझ्या पोटात गोळाच आला. रडार गन रेडिओलहरी सोडते, त्या चेंडूवर आपटून परत येतात, परत येताना त्यांची वारंवारता बदललेली असते, आणि त्या फरकावरून गन वेग काढते. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. पण गनला वेगाचा तेवढाच भाग कळतो जो सरळ तिच्या दिशेने येतोय किंवा तिच्यापासून लांब जातोय. तुम्ही रेषेतून बाजूला सरकलात की खऱ्या वेगाला त्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं. १० अंशांनी फार बिघडत नाही, १४० चे १३८ होतात. २० अंश झाले की १२५ चा चेंडू ११७-११८ दाखवतो.

कागदावर काय लिहिलं होतं? ११८.

कोन मी काही मोजला नाही, नजरेचा अंदाज. पण चहावाल्या साहेबांनी तरी कुठे मोजला होता? मी जाऊन नीट, आवाज न चढवता सांगितलं की गन मागे न्या. कोच हसले आणि म्हणाले, "बेन, मशीन थोडुं खोटुं बोले?" म्हणजे, मशीन कधी खोटं बोलतं का? अहो, मशीनला जिथे बसवलं तिथून जे दिसलं ते तिने सांगितलं. बसवलं कोणी?

आणि मशीन चुकतं, हे तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. २०२२ मध्ये आयर्लंडविरुद्ध आपल्या भुवनेश्वर कुमारच्या नावावर पडद्यावर २०१ किमी आले होते. २०२४ मध्ये ॲडलेडला सिराजच्या चेंडूला १८१.६. श्रीलंकेच्या पथिरानाला १९ वर्षांखालच्या विश्वचषकात १७५. आपण काय केलं? हसलो, मीम पाठवले. कारण २०१ अशक्य आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण तेच यंत्र १३७ च्या जागी १३१ दाखवतं तेव्हा कोण हसतं? कोणाला कळतच नाही. मोठी चूक पकडली जाते, छोटी चूक मुकाट्याने एखाद्याच्या फॉर्मवर जाऊन बसते. ही गोष्ट मला सकाळपासून खातेय.

आयसीसीचा, म्हणजे क्रिकेटच्या जागतिक संघटनेचासुद्धा एकेकाळी या आकड्यांवर विश्वास नव्हता. पाकिस्तानच्या शोएब अख्तरने २००२ मध्ये लाहोरला १६१ टाकला, पण त्यांनी तो अधिकृत धरला नाही, कारण जगभर मोजायची यंत्रं सारखी नव्हती. पुढच्या वर्षी केपटाऊनला विश्वचषकात १६१.३ आला, तो मानला. म्हणजे शोएबच्या चेंडूवर प्रश्न विचारायची मुभा आहे, आणि बडोद्यातल्या पोराने विचारला तर तोंड वर करून बोलतो म्हणायचं!

आपल्या रावपुऱ्यातल्या भाजीवाल्याच्या काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का लागतो. रस्त्यावर पोलीस जी रडार गन वापरतात ती ट्युनिंग फोर्क समोर धरून तपासता येते. या अकादमीच्या गनवर शिक्का कोणाचा? विचारलं. उत्तर आलं, "इम्पोर्टेड छे."

बरं, घरी आल्यावर आणखी गंमत. पोराच्या वडिलांनी व्हिडिओ काढला होता, तो मोबाइलच्या ॲपमध्ये टाकला. ॲप म्हणालं १३५! घरात एकदम दिवाळी. मला तिथेही थंड पाणी ओतावं लागलं. हाताबाहेर पडल्यापासून फलंदाजापर्यंत साधारण साडेसतरा मीटर धरा, सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ. चेंडू पोचायला १४ फ्रेम लागल्या तर १३५, १५ लागल्या तर १२६, १६ लागल्या तर ११८. एका फ्रेमचा खेळ! शिवाय तो सरासरी वेग. गन सांगते तो हातातून सुटतानाचा, आणि पुढे हवेत आणि टप्प्यावर वेग घटतच जातो. भाऊजी अजून माझ्याशी बोलत नाहीयेत.

हो, माहितीये, तुम्ही म्हणाल सगळ्या पोरांना तीच गन होती, नुकसान सगळ्यांचं सारखंच. बरं, मान्य. मग पहिले दहा घ्या ना! १२५ ची भिंत कशाला बांधता? भिंत बांधायची तर गज सरळ हवा. आणि हो, वेग लागतोच, नुसत्या गोडगोड स्विंगवर वरच्या पातळीला निभत नाही, हेही मान्य. पुढे.

पण हे सगळं बडोद्यात व्हावं? इरफान पठाण इथलाच, मांडवीचा. २००६ मध्ये कराचीत कसोटीच्या पहिल्याच षटकात सलमान बट, युनूस खान, मोहम्मद युसुफ, सलग तीन. तो वेग होता की स्विंग? नंतर आपणच घरी बसून पडद्यावरचा आकडा बघून "इरफानचा स्पीड गेला" म्हणून त्याला सोलायचो. झहीर खान श्रीरामपूरहून निघाला आणि रणजी खेळला बडोद्याकडून. २००० साली नैरोबीत त्याने स्टीव्ह वॉचा यॉर्करवर त्रिफळा उडवला, तो चेंडू आठवतो ना? किती किमी होता? बघा, नाही आठवत.

आणि अंशुमान गायकवाड. आपल्या दत्ताजीरावांचा मुलगा. १९७६, किंग्स्टन, वेस्ट इंडिजच्या होल्डिंगचा चेंडू कानावर बसला, ८१ वर निवृत्त होऊन थेट इस्पितळात. आमचे बाबा ते सांगताना स्वतःचाच कान चाचपायचे. तिथे कुठली गन पडद्यावर आकडा दाखवत होती? पण होल्डिंग किती जोरात टाकतो हे त्या दिवशी भारतात कोणाला सांगावं लागलं नाही.

लिहितालिहिता राग जरा उतरलाय. पोरगं दुपारपासून गप्प आहे. जेवलं, पण आवडीच्या सेव-उसळीला हात लावला नाही. मघाशी येऊन विचारतं, "मावशी, रनअप वाढवला तर सात किमी वाढतील का गं?" सोळा वर्षांचं पोर. चांगली लय आहे त्याची, मनगट सुरेख आहे, आणि आता ते कोणाच्या तरी चहापायी रनअप बदलायला निघालंय. परत चढला बघा राग.

तर तुमच्यापैकी जे अकादम्या चालवतात, किंवा चालवणाऱ्यांच्या ओळखीत आहेत, त्यांना हात जोडून विनंती. गन तिवईवर लावा. गोलंदाजाच्या मागे सरळ रेषेत लावा, ऊन लागत असेल तर वर छत्री बांधा, छत्रीचे पैसे मी देते. एका चेंडूचा नको, सगळ्या चेंडूंचा आकडा लिहा आणि पोराला दाखवा. आणि बाजूला एक असा माणूस उभा करा ज्याला पॅडवर आदळलेला चेंडू बघून काहीतरी कळतं.

कमेंटमध्ये शोएबचा व्हिडिओ टाकू नका. पाहिलाय.