किरण आला की किरण आली?

बाळासाठी ‘किरण’ हे नाव सुचवलं की हल्ली एक हरकत हमखास येते. “छान आहे, पण मुलगा की मुलगी ते कळत नाही ना!” माझं स्वतःचं नाव किरण आहे आणि मला ही हरकत अजिबात मान्य नाही. या नावात जे मला सगळ्यात जास्त आवडतं, तेच लोकांना खटकतं आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

किरण हा शब्द संस्कृतातल्या ‘कॄ’ धातूपासून आला. अर्थ विखुरणं, उधळणं. अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, किरणाचे समानार्थी शब्द एका दमात येतात: मयूख, अंशु, गभस्ती, रश्मी, भानू, कर, मरीची, दीधिती. जिथे लिंगाबद्दल गोंधळ होऊ शकतो तिथे अमरसिंह ते सांगूनही टाकतो. मरीची स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी दोन्ही, दीधिती स्त्रीलिंगी. रश्मी मात्र संस्कृतात पुल्लिंगी आहे! आज मराठी घरात रश्मी नावाचा मुलगा शोधून दाखवा. मयूख मुलांकडे गेला, रश्मी आणि दीधिती मुलींकडे गेल्या. या सगळ्या भावंडांत दोन्हीकडे राहिला तो किरण.

तसं पाहिलं तर संस्कृतात किरणही पुल्लिंगीच. हिंदीत तो स्त्रीलिंगी झाला, ‘सूरज की किरण’. आपण मराठीत ‘सूर्याचे किरण’ म्हणतो आणि ‘सूर्याची किरणे’ही म्हणतो, कुणी कुणाला टोकत नाही. नावाचंही साधारण तसंच झालं. उत्तरेत किरण म्हटलं की बाईच डोळ्यांपुढे येते, आंध्र-कर्नाटकात पुरुष, आणि महाराष्ट्रात कुणीही. १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी किरण बेदी. २०१५ ते २०१८ इस्रोचे अध्यक्ष होते ते ए. एस. किरण कुमार. मराठीत आणि इंग्रजीत लिहिणारे किरण नगरकर, बुकर मिळवणारी किरण देसाई.

क्रिकेटवाल्यांसाठी तर हे नाव म्हणजे मेजवानी आहे. १९८८ साली मद्रासच्या कसोटीत यष्टिरक्षक किरण मोरेनं वेस्ट इंडीजचे सहा फलंदाज यष्टिचीत केले, त्यातले पाच एकाच डावात. २००४ साली कराचीत, पुन्हा वेस्ट इंडीजविरुद्धच, पाकिस्तानच्या किरण बलूचनं २४२ धावा काढल्या. महिला कसोटीतला तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. आणि २०२२ साली सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेनं नागालँडकडून खेळताना टी-ट्वेंटीच्या एका डावात १६२ धावा ठोकल्या. हे तिन्ही किरण एकाच ओळीत लिहिले आणि आडनावं झाकली, तर कोण बाई, कोण पुरुष हे ओळखायला कामगिरी काहीही मदत करत नाही. मला याचा फार आनंद होतो.

मराठीत बोलताना मात्र आपण फार काळ लपून राहू शकत नाही. ‘किरण आला’ किंवा ‘किरण आली’ म्हणताक्षणी सगळं कळतं. पण ‘किरणनं पत्र लिहिलं’, ‘किरणनं सामना जिंकून दिला’ म्हणा बरं! क्रियापद पत्रामागे, सामन्यामागे जातं. केलेलं काम आधी समोर येतं, करणारी व्यक्ती बाई की पुरुष हे नंतर. मी लहानपणापासून ही वाक्यं आवडीनं बोलत आले आहे.

हो, त्रास होतो. फोनवर “सर” ऐकून घ्यावं लागतं. एका कार्यालयात माझ्या अर्जावर परस्पर ‘पुरुष’ लिहिलं गेलं होतं, ते दुरुस्त करायला चकरा झाल्या. वर्गात दोन किरण असले की ‘मुलांतला किरण’ आणि ‘मुलींतली किरण’ अशी वाटणी ठरलेली. पण यात चूक नावाची नाही. समोरच्यानं न विचारता गृहीत धरलं, ही चूक आहे. विचारायला एक वाक्य पुरतं.

म्हणूनच नावाला शेपटी जोडायची पद्धत मला पटत नाही. मुलगा असेल तर किरणकुमार, किरणराज. मुलगी असेल तर किरणमयी, किरणप्रभा. कुणाला ती नावं मनापासून आवडत असतील तर खुशाल ठेवा. पण केवळ ‘कळावं’ म्हणून जोडू नका. दादा, ताई, राव, काकू लावायला उभं आयुष्य पडलेलं असतं आणि लोक ते लावतातच.

माझ्या पिढीत प्रत्येक वर्गात एखादा तरी किरण असायचा. आता बारशाला गेलं की विहान, रेयांश, कियारा कानावर येतात. ती नावंही आई-बापांनी प्रेमानंच ठेवलेली आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ‘काहीतरी युनिसेक्स हवंय, मॉडर्न’ असं म्हणत परदेशी नावांच्या याद्या चाळणाऱ्यांना मला थांबवावंसं वाटतं. आपल्याकडे किरण आहे, सुहास आहे, शशी आहे, मृणाल आहे. बंगालात मृणाल सेन झाले, आपल्याकडे मृणाल गोरे झाल्या. किरण तर तीन अक्षरांचं, जोडाक्षर नसलेलं नाव आहे. एखाद्या देवाशी ते बांधलेलं नाही, जातीचा सुगावा देत नाही, आणि सीमेपलीकडे कराचीतही तसंच चालतं.

शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. जन्मदाखल्यावर आई आणि वडील दोघंही बाळाच्या नावाशेजारी उभे असतील, तर पहिलं नावही दोघांना सामावणारं ठेवायला काय हरकत आहे?

तुमच्या घरात, शेजारात २०१० नंतर जन्मलेला एखादा किरण किंवा एखादी किरण आहे का? असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा. आणि ते नाव कुणी सुचवलं, तेही लिहा.