पांढरी तीनचा छळ

स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत गायनाच्या बाई हटकून पांढरी तीनमध्ये, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी सा धरून, बसवतात. मुलींच्या गळ्याला ती पट्टी शोभते, मान्य. पण साथीला सहावी-सातवीतल्या पोरांचा पितळी बँड, आणि पांढरी तीन म्हणजे ई मेजर. मुळातच चार शार्प, म्हणजे स्वर अर्ध्याने चढवायच्या खुणा. ट्रम्पेट पडलं बी-फ्लॅटचं वाद्य. कागदावरचा सी वाजवला की ऐकू येते काळी पाच, म्हणजे एक स्वर खालचा बी-फ्लॅट. म्हणून त्याचं सगळं एक स्वर चढवून लिहायचं, तर चाराचे सहा शार्प. ई-फ्लॅट हॉर्नच्या नशिबी सातच्या सात! असा कागद हातात पडला की मुलं आधी तो सुलटा आहे ना, हे बघतात.

उपाय अर्ध्या स्वराचा. गाणं काळी दोनवर उतरवा. ट्रम्पेटला उरतो एक फ्लॅट (अर्धा स्वर उतरवायची खूण), हॉर्नची पाटी कोरी. ट्रॉम्बोनला तीन फ्लॅट येतात, पण खरी सुटका त्याचीच. पांढरी तीनचा खालचा पंचम, म्हणजे बी, सातव्या पोझिशनवर, स्लाइडच्या, म्हणजे सरकत्या नळीच्या, पार टोकाला. सहावीतला हात तिथवर पोचत नाही. मग खांदा पुढे, मान वाकडी, आणि स्लाइड समोरच्याच्या पाठीत. काळी दोनचा पंचम बी-फ्लॅट. तो पहिल्या पोझिशनवर, स्लाइड पूर्ण आत. पट्टी ठरवावी ती बँडमधला सगळ्यात आखूड हात बघून, असं माझं ठाम मत आहे.

लिहायलाही फार नाही. ट्रम्पेटच्या कागदावर सहा शार्प खोडून एक फ्लॅट लावायचा. स्वर आपापल्या रेघांवर तसेच राहतात. घात होतो तीव्र मध्यमाशी. आधी तो बी-शार्प होता, आता बी-नॅचरल, म्हणजे साधा बी हवा. घाईत शार्प तसाच राहिला की मध्यमाच्या जागी खणखणीत पंचम वाजतो, तोही सगळ्या ट्रम्पेटांवर एकदम, त्यामुळे चूक कोणालाच वाटत नाही. म्यूजस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरवर करणाऱ्यांनी छापण्याआधी 'कॉन्सर्ट पिच'चं, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणारेच स्वर दाखवणारं, बटण बंद आहे ना, ते बघावं. नाहीतर ट्रम्पेटवाले इमानेइतबारे एक स्वर खाली वाजवत बसतात.

राहता राहिल्या बाई. पेटी स्केल चेंजरची असेल तर पट्ट्या एक घर सरकवल्या की झालं. बाईंची बोटं पांढरी तीनवरच, आवाज काळी दोनचा. आम्ही मात्र रात्रभर खोडरबर घासतो.